नाव घातलेल्या भांड्यांची खोली

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या शनिवार पेठेतल्या गल्लीत बातमी फुटली, की विद्याश्रीनं सासूला भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर काढलं. बातमीला पुरावाही होता. निर्मलाक्का पट्टणशेट्टी आपल्या दारासमोरच्या कट्ट्यावर, दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या चारी बाजूंना स्टीलची भांडी रचलेली होती. समोरच्या गणपतरावांनी गॅलरीतून व्हिडिओ काढला. हे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यामुळं कोण चढलं, कोण उतरलं हे बघायची सवय अजून गेलेली नाही. व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर टाकून त्यांनी खाली लिहिलं, 'काय दिवस आले बघा.' दहा मिनिटांत तो पलीकडच्या पेठेत आणि तासाभराच्या आत गडहिंग्लजला पोचला. गडहिंग्लजला तो कुणी बघितला आणि काय केलं, ते पुढं येईलच.

आधी ही अफवा खोडून काढू. विद्याश्रीनं सासूला बाहेर काढलेलं नव्हतं. तिच्या मनात तसलं काही कधी आलंच नाही, असं मात्र गल्लीत कुणी शपथेवर सांगणार नाही. निर्मलाक्का स्वतःच्या पायांनी, म्हणजे एक चांगला आणि एक बिघडलेला अशा दोन पायांनी, बाहेर आल्या होत्या. भांडी सुनेकडून काढून घेतली होती. सकाळी सहापासून खेपा घालून हाल कुणाचे झाले असतील तर ते विद्याश्रीचे, आणि त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

निर्मलाक्का अडुसष्ट वर्षांच्या. माहेर संकेश्वरचं, त्यामुळं राग आला की कानडीत बोलतात, आणि फारच राग आला की मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळावं. नवरा चनबसाप्पा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. गुळाच्या ढेपेसारखाच माणूस, कुठंही ठेवा, मुंग्या जमणार. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, बोलावणं आलं की चनबसाप्पा भांडं घेऊन हजर. आणि दिलेलं भांडं फिरून परत येतंच की. पोराचं बारसं झालं, जावळ झालं, घराची वास्तुशांत झाली, चनबसाप्पांची साठी झाली, पोराचं लग्न झालं. दर वेळी टेम्पोभर भांडी घरात आली.

ही भांडी साधी नसतात. भांड्याच्या दुकानाबाहेर एक माणूस मशीन घेऊन बसलेला असतो, तो टर्रर्र करून ठिपक्याठिपक्यांनी त्यावर नाव घालतो. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, तारीख. नाव न घालता भांडं देणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचाय. दिलं हे दिसलं नाही तर दिलं कशाला? त्यावर चनबसाप्पांचा स्वतःचा एक दंडक होता. नाव घातलेलं भांडं वापरायचं नाही. घासून घासून नाव झिजलं तर देणाऱ्याला काय वाटेल? म्हणून पट्टणशेट्ट्यांच्या घरात चाळीस वर्षं चार पोचे पडलेल्या ताटांत जेवण झालं आणि बाकी चारशे भांडी मागच्या खोलीत जमिनीपासून तुळईपर्यंत नवीकोरी थांबून राहिली. सहा वर्षांमागं चनबसाप्पा गेले. खोली तशीच.

मग गुडघे आले. उजव्याचं ऑपरेशन ठरलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, पुढं दीड महिना जिना चढायचा नाही. आता घराची रचना अशी, की झोपायच्या खोल्या वर. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि मागची ती खोली, तिला लागूनच न्हाणी आणि संडास. आजारी माणसाला याहून सोयीची खोली नाही. फक्त तिथं माणसाला जागा नव्हती.

मुलगा राजशेखर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर. घरातसुद्धा शिफ्ट लावल्यासारखा बोलतो.

"अव्वा, पंधरा दिवस हायेत. येत्या दुसऱ्या रविवारपतोर खोली मोकळी झाली तर कॉट खाली टाकतो. एक चमचा जरी राहिला तरी मी ऐकणार न्हाई. सरळ गडहिंग्लजला, चिक्कव्वाकडं. तिथं सगळं एका मजल्यावर हाय."

चिक्कव्वा म्हणजे त्याची काकू दानेश्वरी, चनबसाप्पांच्या धाकट्या भावाची बायको. निर्मलाक्का ऑपरेशनला भीत नव्हत्या, दानेश्वरीच्या घराला भीत होत्या. त्याहून एका गोष्टीला जास्त भीत होत्या. त्याच आठवड्यात भाड्यानं जागा शोधणारा एक क्लासवाला येऊन खालच्या मजल्याची मापं घेऊन गेला. "नुसतं बघायला आलते," विद्याश्री म्हणाली. पण निर्मलाक्कांनी जिन्यावरून ऐकलं होतं. मागच्या खोलीच्या दारात उभा राहून तो म्हणत होता, "इथं फळा बसंल." एकदा का आपण गडहिंग्लजची एसटी धरली, की मागं इथं फळा बसणार, बाकं बसणार आणि आपल्याला बसायला जागा राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं.

आणि दानेश्वरी कोण, तेही सांगायला पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी राजशेखरच्या लग्नात तिनं भलंमोठं पितळी घंगाळ आहेर आणलं. काठावर तिचं ठसठशीत नाव. निर्मलाक्कांना घंगाळाचा तोंडवळा ओळखीचा वाटला, म्हणून त्यांनी ते उलटं केलं. बुडावर कानशीनं घासलेल्या जागेत अजून वाचता येत होतं, 'सौ. निर्मला पट्टणशेट्टी यांजकडून, वास्तुशांतीनिमित्त'. म्हणजे त्यांनीच दानेश्वरीला दिलेलं घंगाळ बूड घासून त्यांच्याच पोराच्या लग्नात परत आलं होतं. दुसरी बाई असती तर गप्प बसून महिनाभर धुसफुसली असती. निर्मलाक्कांनी आहेर वाचणाऱ्याच्या हातातला माइक घेतला आणि आधी काठावरचं वाचलं, मग बुडावरचं. मांडव हसला. दानेश्वरी न जेवता गेली, ती गेलीच. अकरा वर्षांत दोघी जावा एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. निरोप राजशेखरमार्फत, आणि तोही निवडून, कारण अर्धे निरोप सांगण्यासारखे नसत.

पंधरा दिवसांतले पहिले चार दिवस निर्मलाक्कांनी काय केलं? दार उघडलं आणि बघितलं. परत लावलं. चहा घेतला. परत उघडलं. कुठून हात घालावा हेच कळेना. वरचं काढावं तर खालचं कोसळतं, खालचं काढावं तर वरचं अंगावर येतं. चौथ्या दिवशी तर त्या उंबऱ्यावर बसून सरळ रडल्या. विद्याश्रीनं ते बघितलं आणि सुनेनं करावी तशी मदत केली. मोबाइल समोर धरला.

"अत्ती, हे बघा. ह्या बाई सांगतात, एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं, ठेवू का नको."

"इचारलं."

"मग? मन काय म्हणालं?"

"म्हणालं, पयल्यांदा सुनेला काढ."

विद्याश्रीनं मोबाइल खाली ठेवला. "मग भंगारवाल्याला बोलावते. एका खेपंत खोली साफ."

"बोलाव की. मागच्या वेळंला बोलावलंतंस, त्याचं काय झालं आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. दोन वर्षांमागं विद्याश्रीनं एक पोतं भंगारात घातलं होतं. त्यात शेजारच्या मीनाक्षीबाईंच्या सासूच्या वर्षश्राद्धाला वाटलेला तांब्या गेला. मीनाक्षीबाई रिटायर झालेल्या शिक्षिका. त्यांना तो आठवडी बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगात दिसला, त्यांनी तो विकत घेतला आणि गल्लीत घरोघरी दाखवत आणला. सहा महिने त्या पट्टणशेट्ट्यांच्या दारावरून जाताना पदर सावरून जात, जसं काही आत भंगार नव्हे, पटकी होती. खरी अडचण ही होती. भांडी चारशे होती ते सोसलं असतं. प्रत्येक भांड्यावर एक माणूस बसलेला होता, आणि त्यातले निम्मे याच गल्लीत जिवंत होते.

पाचव्या दिवशी निर्मलाक्कांनी स्वतःशी ठरवलं, की खोलीकडं बघायचंच नाही. हातातल्या भांड्याकडं बघायचं. दाराजवळच्या फळीवरचा पहिला डबा त्यांनी उचलला. पोळ्यांचा डबा, गणपतरावांचा, राजशेखरच्या जावळातला. ज्याचं नाव त्याला नेऊन द्यायचं, म्हणजे ना विकलं ना टाकलं. काठी टेकत त्या समोरच्या दारात गेल्या.

"गणपतराव, हे तुमचं."

"काय हे?"

"डबा. नाव वाचा."

गणपतरावांनी चष्मा चढवला, नाव वाचलं आणि तोंड उतरलं. "वैनी, आहेर परत करताय? म्हंजे आमचा-तुमचा संबंध तुटला?"

"जोडलाता कधी? खोली मोकळी करायची हाय मला."

"मग भंगारात घाला की!"

"घालतो. आणि उद्या हा डबा गाडीवर टांगलेला दिसला की माझ्या दारात येऊन बोंबलू नका."

गणपतरावांनी डबा घेतला. बायकोला म्हणाले, "बाईचं डोकं फिरलंय." बायको म्हणाली, "डोकं न्हाय, माज हाय." संध्याकाळी बायको माळ्यावरून एक कळशी उतरवून पट्टणशेट्ट्यांच्या उंबऱ्यावर आदळून गेली. कळशीवर नाव होतं, 'सौ. निर्मला चनबसाप्पा पट्टणशेट्टी यांजकडून'.

इथं निर्मलाक्कांची चूक झाली. आहेर परत करणं म्हणजे तोंडावर थुंकणं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण गल्लीच्या तोंडातही थुंकी असते, हे त्या विसरल्या. पुढच्या गुरुवारपर्यंत त्यांनी अडतीस भांडी परत केली आणि एक्केचाळीस परत आली. तीन घरं तर अशी, की त्यांना निर्मलाक्कांनी अजून काही परत केलंच नव्हतं. त्यांनी नुसतं ऐकलं, की परत करायचं चाललंय, आणि आपण मागं राहायला नको म्हणून आधीच आणून टाकलं.

विद्याश्रीनं मागच्या खोलीत डोकावून बघितलं. "अत्ती, सोमवारी एक पाय ठेवायला जागा होती. आता ती पण न्हाई."

"तुला पाय ठेवायला कशाला लागतीया? फळा लावायचाय की तिथं."

फळ्याचं सासूला कळलंय, हे तिला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी दुपारी निर्मलाक्का त्या परत आलेल्या ढिगासमोर बसल्या. एकेक भांडं उलटसुलट करून बघत होत्या आणि देणाऱ्याला कानडीत शिव्या देत होत्या. विसाव्या भांड्याला त्या थांबल्या. सगळ्यांवर देणाऱ्याचं नाव एकच होतं. त्यांचं स्वतःचं. गणपतरावांचा डबा मोडीत घातला तर गणपतराव चिडणार. मीनाक्षीबाईंचा तांब्या गेला तर मीनाक्षीबाई सहा महिने पदर सावरणार. पण निर्मला पट्टणशेट्टीचं भांडं निर्मला पट्टणशेट्टीनं मोडीत घातलं, तर कोण येणार भांडायला?

"विद्याश्री! मोबाइल आण. मी सांगतो, तू लिही."

गल्लीच्या ग्रुपवर संदेश पडला: 'रविवारी सकाळी नऊ ते बारा माझ्या कट्ट्यावर. माझ्या नावाचं भांडं आणा, तुमच्या नावाचं घेऊन जा. ज्याचं नाव त्याची डोकेदुखी. बारा वाजता मोडीवाला येईल. त्यानंतर नावाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. निर्मला.'

मीनाक्षीबाईंनी ताबडतोब उत्तर लिहिलं, 'हे अत्यंत अपमानास्पद आहे.' आणि रविवारी पावणेनऊला सगळ्यांच्या आधी परात घेऊन त्याच हजर झाल्या. गणपतरावांनी जो व्हिडिओ काढला तो याच सकाळचा. संदेश त्यांनीही वाचला होता, पण एवढी बातमी खरी सांगून वाया घालवणारा हा माणूस नव्हे.

"निर्मलाताई, ही तुमची परात. आता माझा तांब्या द्या."

"तुमचा तांब्या तुम्हीच बाजारातनं आणलासा की. गल्लीला तीनदा दाखवलासा."

"प्रश्न तांब्याचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्व न्हाई हो मागच्या खोलीत. असतं तर त्याच्यावर बी कुणीतरी नाव घातलं असतं. हे घ्या, तुमचं दुधाचं पातेलं. राजूच्या बारशाचं. आता निघा, ऊन लागतंय."

मीनाक्षीबाई पातेलं घेऊन गेल्या आणि कोपऱ्यावर उभ्या राहून नाव बघायला लागल्या. त्यांच्या नावातला 'क्ष' मशीनवाल्यानं त्या काळीच चुकवलेला होता. त्याबद्दल त्या परत आल्या. निर्मलाक्कांनी त्यांना मशीनवाल्याकडं पाठवलं.

असे लोक येत गेले. कुणी आदळून देत होतं, कुणी हिसकावून नेत होतं. दोन बायका नाव न वाचता एकमेकींची भांडी घेऊन गेल्या आणि दुपारी त्यांचं भांडण निराळं झालं. कुणी 'बरं केलंत' म्हणालं नाही. पण उगीच कशाला खोटं बोला, माळे सगळ्यांचेच तुडुंब होते, आणि स्वतःच्या नावाची भांडी हातात आल्यावर साडेअकराला चार बायका मोडीवाल्याच्या टेम्पोची वाट बघत उभ्या होत्या. तोंडं मात्र सुतकातल्यासारखी.

बारा वाजता टेम्पो आला. निर्मलाक्कांच्या नावाचं सगळं त्यात गेलं, आणि न्यायला कुणी आलं नाही तेही. ज्यांचे देणारे वारले होते किंवा गाव सोडून गेले होते, ती भांडी त्यांनी आदल्या दिवशीच मठाच्या अन्नछत्राला पाठवली होती. तिथं नाव वाचायला कुणाला वेळ नसतो. मोडीच्या बदल्यात मोडीवाल्याचा भाऊ, जो फॅब्रिकेशन करतो, न्हाणीच्या भिंतीत धरायला दोन जाड स्टीलचे दांडे बसवून गेला. एक वाजता मागची खोली रिकामी झाली. चाळीस वर्षांनी तिची फरशी दिसली, आणि ती लाल आहे हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

रिकामी म्हणजे एक वस्तू सोडून. कोपऱ्यात पितळी घंगाळ होतं. मोडीवाल्यानं ते उचललं, काठ वाचला, बूड वाचलं आणि परत खाली ठेवलं.

"आजी, ह्याच्यावर दोन नावं हायेत. दोघी म्हणाल्या तरच नेतो. मागं एकदा मार खाल्लाय मी."

राजशेखर टेप घेऊन उभा होता. कॉट वरून खाली आली होती, गणपतरावांनीच एक बाजू धरली होती, कारण त्या बाजूनं घराच्या आतलं दिसत होतं. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. गडहिंग्लजची एसटी धरून, हातात रिकामी पिशवी घेऊन दानेश्वरी उतरली. अकरा वर्षांनी तिनं जावेशी बोललेलं पहिलं वाक्य असं:

"कापडं भर आणि चल. सुनेनं रस्त्यावर टाकलीया म्हणून व्हिडिओ आलाय मला."

"कुणी टाकलंय? ही बघ बसलोय माझ्या घरात."

दानेश्वरीनं गणपतरावांकडं बघितलं. गणपतराव कॉटच्या पायाकडं बघायला लागले. मग तिनं मागच्या खोलीत डोकावलं. लाल फरशी, भिंतीत दांडे, मधे कॉट. तिचं तोंड पडलं, आणि कोपऱ्यात नजर गेल्यावर परत उजळलं.

"हे काय हाय?"

"तुझं घंगाळ. घेऊन जा."

"माझं? बुडावर तुझं नाव हाय. माइकवरनं वाचलंतंस की, साऱ्या मांडवानं ऐकलंय."

"काठावर तुझं हाय."

"मी न्हाई नेत." दानेश्वरी राजशेखरकडं वळली. "राजू, तू काय म्हणालतास मला फोनवर? एक चमचा राहिला तरी अव्वाला धाडतो म्हणालतास. हे चमच्याएवढं हाय व्हय?"

राजशेखरनं टेप लांब केली, परत गुंडाळली. विद्याश्री दारात उभी होती. फळ्याचा अजून निकाल लागायचा होता. "म्हणालतो खरं, अव्वा," तो चाचरत म्हणाला. खिडकीत मीनाक्षीबाई पातेल्यासह उभ्या होत्या.

निर्मलाक्का उठल्या. काठीच्या टोकानं त्यांनी घंगाळ खरखर ढकलत कॉटपर्यंत नेलं, कॉटखाली सरकवलं आणि वर ऐसपैस बसल्या. उजवा पाय लांब केला, जसं काही ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत. मग जावेकडं बघून म्हणाल्या:

"राहू दे हितंच. तुझ्या घरात मी राहण्यापरास तुझं घंगाळ माझ्या घरात राहिलेलं बरं."